ओळखीचा आवाज

वाचनालयाचं नवं इन्स्टाग्राम पेज ग्रंथपाल शैलजाने चालवायचं ठरलं. "चेहरा दाखवा, वाचक वाढतील," अध्यक्ष पोफळे म्हणाले. तिने नकार दिला. त्यांना वाटलं, बाई लाजते. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती या गावात पळून आली होती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी तिने कॅमेरा नुसता पुस्तकावर धरला आणि गोष्ट वाचली. बघता बघता व्हिडिओ हजारोंपर्यंत गेला. लोकांचं कौतुक वाचून ती कितीतरी दिवसांनी मोकळं हसली.

मग खाली कमेंट आली, "आवाज ओळखला. पत्ता पेजवर आहेच. उद्या न्यायला येतो."

तिने घाईघाईने व्हिडिओ पेजवरून काढून टाकला. तेवढ्यात पोफळे खुशीत आत आले. "उद्या तुमचा सत्कार ठेवलाय, बाई. पेजवर वेळही टाकलीय. आता कुठे जाऊ नका."

ते जाताच शैलजाने पर्स उचलली. आता कुठल्या गावाला पळायचं, तेही तिला सुचेना.