अवनीचा हात

डॉक्टरांनी लिहायला पेन उचललं आणि नेमकं तेव्हाच यज्ञेशगुरुजींनी तोंड उघडलं. "डॉक्टरसाहब, बच्ची सुनती है।"

शरदिनीनं चमकून नवऱ्याकडे पाहिलं. महिनाभर मिनतवाऱ्या करून तिनं त्यांना रामघाटावरच्या घरून या सरकारी इस्पितळात आणलं होतं. अवनी पाच वर्षांची झाली, अजून तोंडातून एक शब्द नाही. विकलांग बोर्ड आठवड्यातून एकदाच बसायचं, ते आज. त्याचं प्रमाणपत्र मिळालं की कानाचं यंत्र फुकट आणि मूकबधिर शाळेत जागा. शाळेचे अर्ज शनिवारी बंद होणार. आणि हे महाराज म्हणतायत, ऐकू येतं!

गुरुजींचा हेका जुनाच. पोरीच्या नावापुढे सरकारी शाईनं एकदा 'बहिरी' लागलं की जन्माचं लागलं, असं ते म्हणायचे. नुसती भीतीच असती तर शरदिनीनं ती केव्हाच उडवून लावली असती. पण त्यांच्याकडे पुरावा होता, आणि तो त्यांनी भर खोलीत मांडला. लेकीला समोरच्या स्टुलावर बसवलं आणि यजुर्वेदातला एक मंत्र सुरू केला. त्यांच्या शाखेत मंत्र नुसता तोंडानं म्हणत नाहीत. स्वर चढला की हात वर, उतरला की खाली. गुरुजींचा आवाज लागला तसा अवनीचा चिमुकला हात चालू लागला. वर, खाली, बाजूला. कुठे म्हणून चुकला नाही.

डॉक्टर चकित झाले. बोलायला उशीर लागतो काही मुलांना, म्हणाले, पेनाला टोपण लावलं आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

शरदिनी जागची हलली नाही. या पुराव्यानं तिला दोन वर्षं छळलं होतं. बापलेक असे समोरासमोर बसले की तिलाही वाटायचं, ऐकतेय की माझी लेक, मीच मेली खुळी. पण स्वयंपाकघरातून हाका मारा, परात आपटा, पोर ढिम्म. आता चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं? वैदिकांच्या घरची सून ती. तरी ती बोलली.

"अहो, तेच आता तिच्या पाठीमागे उभं राहून म्हणा."

गुरुजी हसले. बायकोचं समाधान करावं म्हणून उठले, लेकीच्या मागे गेले आणि म्हणू लागले. अवनीचा हात मांडीवरच राहिला. त्यांनी आवाज चढवला. बाहेरची रांग दारात गोळा झाली, चपराशानं हात जोडले. गुरुजींच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या. अवनी पाय हलवत खिडकीबाहेरचं माकड बघत होती.

गुरुजींचा आवाज मध्येच बसला. शरदिनीला जिंकल्याचा आनंद काही झाला नाही, तिला रडूच फुटलं.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं, प्रमाणपत्राचा अर्ज भरला आणि वडिलांच्या सहीसाठी पुढे सरकवला. गुरुजींनी सही केली. मग ते लेकीसमोर येऊन बसले, ओठ घट्ट मिटले आणि नुसता हात उचलला.

अवनीनं त्यांच्याबरोबर सबंध मंत्र म्हटला.