अंगठ्यांचं झाड

नातीनं रंगाची बशी पुढे केली, तशी सुखीबाईनं आपला अंगठा मुठीत दाबून धरला.

पुसदच्या घरात रविवारचा उद्योग चालला होता. नातीनं, म्हणजे रोशनीनं, मोठ्या कागदावर झाडाचं खोड काढलं होतं आणि पानं म्हणून घरातल्या सगळ्यांचे अंगठे उमटत होते. प्राध्यापक पूनमसिंगचा हिरवा, त्याच्या वकील बायकोचा पिवळा, आणि डॉक्टर काकाचे तर हौसेनं चार.

"याडी, खेळ आहे हा. लेकराच्या मनासाठी लाव ना," पूनमसिंग आईला म्हणाला.

"तुह्यासाठी खेळ असन. मले पेन दे."

साठी उलटल्यावर साक्षरता वर्गात बसून, पाटी गिरवून गिरवून ती सही शिकली होती. आता ती अंगठा लावते होय? जिभेचं टोक दातात धरून तिनं झाडाच्या फांदीवर आपली वाकडीतिकडी सही ठोकली. झाड बिघडवलं म्हणून रोशनी रुसली, पण चित्र बैठकीच्या भिंतीवर लागलं.

पुढच्या आठवड्यात तांड्यावरून सुखीबाईची थोरली बहीण झमकूबाई आली. जन्मभर कागदावर अंगठाच देत आलेली बाई ती. कमरेवर हात ठेवून चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली. मग बहिणीला बाजूला घेऊन, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली,

"का वं सुखी, एवढ्या मोठ्या घरात शिकलेली तू एकलीच?"