लोड वाढला की

कॉम्प्युटर चौथ्यांदा हँग झाला तसा अश्वजित उठला आणि त्यानं दाराला आतून कडी घातली.

बोरी अरबच्या कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागली होती. बोंडअळीतून वाचलेला कापूस घेऊन लोक दोन-दोन दिवस बसून होते. वजनकाटा, अंगठ्याचं मशीन, प्रिंटर असं सगळं एकदम चाललं, लोड वाढला, की स्क्रीन जागीच गोठायची. काल त्यापायी ऑपरेटरनं मार खाल्ला. आज दुरुस्तीला दारव्ह्याहून अश्वजितला बोलावलं होतं.

"कोणी बी आलं तरी दार उघडू नको," केंद्राचे विठ्ठलराव जाताना बजावून गेले होते. "अन् रांगेतल्या त्या हिरासिंगपासून जपून राह्य. काल पह्यला हात त्यानंच उचलला."

अश्वजितनं एकेक गोष्ट सोडवायला घेतली. प्रिंटर काढला. अंगठ्याचं मशीन काढलं. लोड निम्म्यावर आला, तरी स्क्रीनच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा चढतच होता. ऐंशी. अठ्ठ्याऐंशी. कॅबिनेट उघडून त्यानं पंख्यात गुंतलेला रुईचा पुंजका उपसला. काट्याची वायरही काढली. आता लोड काहीच नव्हता.

त्र्याण्णव. परत हँग.

असं होऊच शकत नव्हतं. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

बाहेर एकाएकी कल्ला वाढला. जनरेटरच्या धडधडीत शब्द तुटक ऐकू येत होते.

"...दार तोडा!"

"बाहेर काढा त्याले! सोडू नका!"

दारावर लाथ बसली. अश्वजितनं टेबल ओढून दाराला लावलं. विठ्ठलरावांना फोन केला. त्यांनी उचलला नाही.

"पाच मिनिटं द्या, भाऊ!" तो जीव तोडून ओरडला. "मी करूनच राह्यलो!"

उत्तर कुऱ्हाडीनं दिलं. दुसऱ्या घावाला फळी फुटली, तिसऱ्याला कडी निखळली. टेबल ढकलत हिरासिंग आत घुसला. त्यानं अश्वजितची कॉलर धरली, त्याला फरफटत पार आवाराच्या टोकाला नेलं आणि मातीत लोटून दिलं.

"मारू नका!" अश्वजितनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. "मी काहीच नाही केलं!"

हिरासिंगला धाप लागली होती.

"मारतो कायले, बापू? मांगं पाह्य."

अश्वजितनं मान वळवली. कॉम्प्युटरच्या भिंतीपलीकडची कापसाची गंजी धडाडून पेटली होती आणि खोलीचं छप्पर आत कोसळत होतं.