नोव्हा गोरित्साचे दोन मुक्काम

"आणि इथं दोन मुक्काम," ओताकारनं नकाशावर पेन्सिल टेकवली. "नोव्हा गोरित्सा."

"दोन कशाला?" ब्लांका सायकलची चेन पुसत होती. "आहे काय तिथं? त्यापेक्षा ब्लेड गावचं तळं बघते की."

"ब्लेडला सगळेच जातात. शिवाय चढ केवढा आहे!"

"बाबा, चढ मला चढायचाय, तुम्हाला नाही."

ओताकारनं पेन्सिलीला टोक काढलं आणि दोनचा आकडा पुन्हा गिरवला.

तो पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचा. सोळा वर्षांपूर्वी त्यांच्या ब्रनो शहरात रशियन रणगाडे आले तेव्हा त्यानं एका निषेधपत्रावर सही केली. तेव्हापासून तो एका कारखान्याच्या भट्टीत कोळसा टाकत होता. ब्लांकानं डॉक्टरीसाठी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा मार्क भरपूर पडले आणि तिन्ही वेळा नकार आला. आता ती इस्पितळाच्या धुलाईघरात होती. त्या सहीबद्दल तिनं बापाला कधी बोल लावला नाही. घरात असल्या गोष्टी कुणी बोलतही नसे. भिंती पातळ होत्या.

मे महिन्यात पासपोर्टच्या कचेरीतून ओताकारला बोलावणं आलं.

"मुलगी एकटीच जाणार?" टेबलामागच्या माणसानं विचारलं.

"हो. सायकलनं. तीन आठवडे."

"युगोस्लाव्हियात लोक समुद्रावर जातात. ही स्लोवेनियाच्या डोंगरात काय करणार?"

"तिला चढ आवडतात."

"परत येईल?"

"माझी बायको दोन वर्षांपूर्वी वारली, साहेब. ब्लांकाशिवाय मला कुणी नाही. मला टाकून ती कुठं जाईल?"

त्या माणसानं फाइल चाळली आणि एक कागद पुढं सरकवला. ती परतली नाही तर जबाबदारी बापाची, असं त्यात लिहिलं होतं. ओताकारनं सही केली.

जिन्यात दोस्तालोवाबाई भेटल्या. इमारतीत कोण येतं, कोण जातं, हे त्या एका वहीत लिहून ठेवायच्या.

"काय मास्तर, मिळाला म्हणे पासपोर्ट?"

"मिळाला."

"तरणीताठी पोरगी एवढ्या लांब सोडताय. छाती आहे हो तुमची. शेजारच्या कोवार्झिकांचं माहीत आहे ना? गेले सुट्टीला ते गेलेच. म्हाताऱ्याला इथं दोन दिवस बसवून ठेवलं होतं चौकशीला."

"आमची ब्लांका तशी नाही."

"कुणाचीच तशी नसते, जाईपर्यंत."

जून सगळा तयारीत गेला. ओताकारनं ब्रेकच्या तारा बदलल्या, दोन जादा ट्यूब मिळवल्या, पंप स्वतः तपासला. मुक्काम, अंतरं, पाण्याच्या जागा, सगळं त्यानं वहीत उतरवलं. त्याला जेवण जाईना. भट्टीवर त्याच्या हातून दोनदा फावडं सुटलं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यानं तिच्या पिशवीत जाड लोकरी स्वेटर कोंबला.

"जुलैत?" ब्लांका हसली. "बाबा, मी सायबेरियात चाललेय का?"

"डोंगरात थंडी असते."

"आणि हे शाळेचे दाखले कशाला?"

"वाटेत कुणी विचारलं तर."

"सायकल चालवायला दाखला लागतो?"

"असू दे गं. वजन काय होणार आहे त्याचं?"

तिचं हसू थांबलं. "बाबा, तुम्हाला भीती वाटतेय का?"

"वाटते की. घसरलीस, पडलीस तर? आता जेव."

स्टेशनवर तिनं त्याला घट्ट मिठी मारली. "बावीस तारखेला, रविवारी, चारच्या गाडीनं येते. विस्तव ठेवा पेटता, मी भुकेली असेन."

"वही जवळ ठेव," तो म्हणाला. "ठरल्याप्रमाणेच जा. रस्ता बदलू नकोस."

पहिलं कार्ड सेल्येहून आलं, दुसरं ल्युब्ल्यानाहून. 'पाय दुखतात, पण मजा येतेय. इथले लोक सायकल दिसली की चेरी देतात.' त्यानंतर काही आलं नाही. दहाव्या दिवशी दोस्तालोवाबाईंनी टपालपेटीपाशीच गाठलं.

"नकाशात पाहिलं मी. तुमचं ते गोरित्सा इटलीच्या सरहद्दीला चिकटलंय हो."

"असेल."

"पत्र नाही आलं?"

"टपाल मंद असतं."

"देव करो आणि मंदच असो."

बावीस तारखेला ओताकार दुपारीच आंघोळ करून बसला. अंगात कोट चढवला. छोट्या पिशवीत दाढीचं सामान, टॉवेल आणि हृदयाच्या गोळ्या भरल्या. चौकशीत द्यायचं उत्तर त्याचं पाठ होतं. मला काही माहीत नव्हतं, साहेब. मला ती काही बोलली नाही.

चार वाजले. पाच वाजले. तो खिडकीतून रस्त्याकडे बघत होता. एक पांढरी गाडी कोपऱ्यावर थांबली तशी त्यानं गजाला धरलं. गाडी निघून गेली. सहा वाजता त्यानं एका माणसापुरते बटाटे उकडत ठेवले आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसला. आता त्याचा श्वास जरा मोकळा चालला होता.

सव्वासहाला घंटी वाजली.

ओताकारनं गॅस बंद केला. पिशवी उचलली, कोटाची बटणं लावली आणि दार उघडलं.

दारात ब्लांका उभी होती. नाक उन्हानं सोललेलं, खांद्यावर सायकल.

"गाडी चुकली, बाबा. भूक लागलीय, काय केलंय?"

खालच्या जिन्यातून दोस्तालोवाबाईंचा आवाज आला. "आली ना? उगाच जीव टांगणीला लावलात, मास्तर!"

ओताकारनं मुलीला आत ओढलं. दार लावून कडी घातली. रेडिओ लावून त्याचा आवाज जाईल तितका मोठा केला. मग तिचे दोन्ही खांदे धरून, तिच्या कानाशी तोंड नेऊन तो रडत म्हणाला,

"परत कशाला आलीस?"