एका शाळेला एकच प्रश्न

समजा, तुम्ही पहाटेपासून टँकरच्या रांगेत घागर लावून बसला होता. मग शाळा झाली, मग शेरडं हिंडवून आणली. आणि आता संध्याकाळी सात वाजता तुम्ही पुन्हा शाळेतच आहात, सतरंजीवर, भिंतीकडे तोंड करून. डोळे मिटतायत ना? थोडा वेळ उघडे ठेवा. भिंतीवर एक जहाज आलंय.

सांगोल्याजवळच्या शाळेतली सातवीची रुपाली अशीच बसली होती. अमेरिकेतल्या एका संग्रहालयात तेव्हा सकाळ होती. तिथली एक बाई मोबाइल हातात धरून व्हिडिओ कॉलवर मुलांना जहाज दाखवत होती, आणि प्रोजेक्टरमुळे ते शाळेच्या भिंतीवर दिसत होतं. पूर्वी या जहाजातून माणसं तीन-तीन वर्षं देवमाशांच्या मागे जात, त्यांची चरबी कढवून दिव्यांसाठी तेल काढत. आता ते दुरुस्त करून धक्क्याला बांधून ठेवलं होतं. रुपालीच्या शिक्षिका वैजयंती बाई एकेक वाक्य मराठीत सांगत होत्या. दिवसभर बोलून त्यांचा आवाज बसला होता.

एका शाळेला एकच प्रश्न विचारता येणार होता. जहाजाला शिडं किती, हे इंग्रजीतून विचारायला रुपाली आठ दिवस पाठ करत होती. ते ऐकायला खास केंद्रप्रमुख आले होते. मागच्या खुर्चीत बसून तेही पेंगत होते.

तिचं नाव पुकारलं. रुपाली उभी राहिली. भिंतीकडे पाहून ती मराठीतच म्हणाली,

"बाई, ते मागं एक काका नळी धरून उभं हायत. मगापासनं पाणी नुसतं वाया चाललंय. नळ बंद करा म्हणावं."

"आगं येडे, ते अमेरिकेत हाय!" बिभीषण ओरडला. वर्ग हसला. केंद्रप्रमुख जागे झाले.

"रुपाली, आपला प्रश्न," वैजयंती बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"ह्योच हाय, बाई."

वैजयंती बाईंनी एकदा मागच्या खुर्चीकडे पाहिलं. मग चष्मा काढून डोळे चोळले आणि रुपालीचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

भिंतीवरची बाई मागे वळली. नळीतून पाणी धो-धो पडत होतं.

"हे समुद्राचं पाणी आहे," वैजयंती बाई तिचं उत्तर सांगू लागल्या. "पिता येत नाही. पण रोज मारावं लागतं. नाही मारलं तर लाकूड वाळतं, फळ्यांना भेगा पडतात. मग जहाज गळायला लागतं."

भेगा म्हटल्यावर रुपालीने मान डोलावली.

"मग मारू द्या," ती म्हणाली. "पर नळी फळीवर धरा म्हणावं. निम्मं तर भाईरच सांडतंय."

"बस आता खाली," केंद्रप्रमुख म्हणाले.

वैजयंती बाईंनी रुपालीचं तेही म्हणणं इंग्रजीत सांगितलं. भिंतीवरच्या बाईने लांबच्या नळीवाल्या माणसाला हाक मारून ते सांगितलं. त्याने कानाला हात लावला, पुन्हा विचारलं, मोबाइलकडे बघितलं आणि नळी आत वळवली.

रुपालीने पाणी नीट फळ्यांवर पडताना पाहिलं. मग ती खाली बसली.