एक्स आणि झेड असलेले शब्द

नीला ‘मॅक्सिमाइझ’पाशी पोचली होती, तेवढ्यात सुपरवायझर चोप्राने तिला फोनवर बोलावलं.

एक्स आणि झेड ही दोन्ही अक्षरं असलेले, आठ किंवा त्याहून जास्त अक्षरांचे इंग्रजी शब्द, अशी आजची यादी होती. शब्दांचे खेळ खेळणाऱ्यांसाठी तिकडे अमेरिकेत कुणी पुस्तक काढत होतं. त्याच्या याद्या नोएडातल्या या दुसऱ्या मजल्यावर बाराजणी जाडजूड शब्दकोशावर पट्टी धरून टाइप करत होत्या. पहिल्या आठवड्यात नीला शब्दाचा अर्थही वाचायची. अर्थ नको, अक्षरं बघा, असं मालकांनी तेव्हाच बजावलं होतं. शाळेत ज्या शब्दांत एस लिहायला शिकली, त्यांत आता तिचं बोट आपसूक झेडवर जायचं.

फोनवर भाटियाबाई होत्या. मयूर विहारच्या इमारतीत दोघींची दारं समोरासमोर. त्या सांगत होत्या की मांजी, म्हणजे नीलाच्या सासूबाई, तासभर जाळीच्या दाराशी उभ्या आहेत आणि दोन्ही हातांनी ते हलवताहेत; समजूत घालून पाहिली, पण ऐकत नाहीत. त्यांच्या बोलण्यामागे लोखंड खडखडत होतं. नीलाला ते रिसीव्हरमधून स्पष्ट ऐकू येत होतं.

कुलूप नीलानेच घातलं होतं. गेल्या महिन्यात सासूबाई एकट्याच घराबाहेर पडल्या आणि संध्याकाळी यमुनेच्या पुलावर सापडल्या. तेव्हापासून ती रोज आतलं लाकडी दार उघडं ठेवी, जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावी आणि कामाला निघे. एक किल्ली तिच्या पर्समध्ये होती. दुसरी नवऱ्याकडे, अविनाशकडे, आणि तो कंपनीच्या कामासाठी लुधियान्याला गेलेला.

रिसीव्हरवर हात ठेवून तिने चोप्राला विचारलं, तासाभरात घरी जाऊन येऊ का. चोप्रा काही वाईट माणूस नव्हता. त्याने जिन्याकडे बोट दाखवलं. यादीची फ्लॉपी पाचच्या कुरिअरने जायची होती, आणि तोवर कुणी जागेवरून हलू नये म्हणून मालक खालच्या चॅनल गेटला कुलूप लावून घरी जेवायला गेले होते.

“चाबी मेरे पास होती, तो मैं खुद यहां बैठता?” तो हळू आवाजात म्हणाला.

नीलाने रिसीव्हर पुन्हा कानाला लावला. भाटियाबाई आता जरा निवांत वाटल्या. त्यांचं म्हणणं, मांजींची भाषा आपल्याला येत नाही, पण एकच शब्द त्या सारख्या म्हणताहेत आणि तेवढा मात्र कळला. बिचाऱ्यांना भूक लागली असणार.

“कढी मांग रही हैं. कढी, कढी,” त्या म्हणाल्या. “आज मैंने बनाई भी है. जाली में से कटोरी दे दूं?”

त्या खडखडाटात आता सासूबाईंचा आवाज नीलाला ऐकू आला. लांबून येत होता, दमलेला.

“कडी काढ गं. अगं, कुणीतरी कडी काढा.”

चोप्राने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मागे अकराजणींची बोटं चालू होती. नीलाच्या मशीनवर यादी अर्धीच होती, आणि पुढचा शब्द अजून तिने शोधलासुद्धा नव्हता.

“दे दीजिए,” ती म्हणाली. “उन्हें पसंद है.”

भाटियाबाईंनी रिसीव्हर तसाच बाजूला ठेवला. त्यांच्या चपला स्वयंपाकघराकडे गेल्या, परत आल्या, दार उघडलं. नीला ऐकत उभी राहिली.

थोड्या वेळाने लोखंड वाजायचं थांबलं.