गुरुवारचा डबा

नर्स असलेली सूनबाई शनिवारी स्वस्तात भाजी आणायची आणि रविवारी आठवडाभराचं रांधून, अगदी केकसुद्धा करून, डबे फ्रीजरमध्ये रचायची. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: वार आणि गरम करणाऱ्याचं नाव.

सासूबाई नाक मुरडायच्या. "चाळीस वर्षं ताजं करून घातलं मी, आणि आता म्हातारपणी शिळं खायचं!"

गुरुवारची चिठ्ठी होती, 'बाबा. मंद आच, दहा मिनिटं. आधी आईंना वाढा.' सासऱ्यांनी जन्मात पहिल्यांदा गॅस पेटवला आणि वाफाळतं ताट बायकोपुढे ठेवलं.

ड्यूटीवरून आलेल्या सुनेनं बिचकतच विचारलं, "आई, फार शिळं लागलं का हो?"

"सगळ्यांचं झाल्यावर गार झालेलं जेवायची सवय माझी," सासूबाई म्हणाल्या. "इतकं गरम या घरात मी आजच जेवले गं."